एला शब्द विसरली, ताल नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सुगम संगीत शिकलेल्या आहात आणि सध्या एका हौशी बँडबरोबर गाता. यंदाच्या कार्यक्रमात 'मॅक द नाइफ' गायचं ठरलंय. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं बर्लिनमधलं ते गाजलेलं रेकॉर्डिंग ऐकल्यापासून तुम्हालाही ते गमतीदार करायचंय: मध्येच शब्द विसरल्याचं नाटक, दोन-चार ओळी मराठीत, आणि जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज. तुमचे पियानोवाले म्हणतात, 'जुन्या गाण्याची थट्टा करू नका.' तुम्ही विचारलंय की एला खरोखर विसरली होती का, आणि आपण तेच मुद्दाम केलं तर शोभेल का.

ती खरोखर विसरली होती. तुम्ही विसरल्याचं नाटक केलंत तर बहुधा शोभणार नाही. गाणं विनोदी करायला मात्र माझी काहीच हरकत नाही, उलट या गाण्याला ते मानवतं. मुंबईत आणि गोव्यात हॉटेलांतून, क्लबांतून मी बरीच वर्षं अशीच गाणी गात आले आणि आता शिकवतेही, तेव्हा जे सांगते ते त्या अनुभवातून. एक आधीच कबूल करते. तुमचा बँड कितपत पक्का आहे आणि समोर बसलेल्यांपैकी किती जणांना मूळ गाणं माहीत आहे, या दोन गोष्टींवर यातलं बरंच अवलंबून आहे. त्या मला इथून कळणार नाहीत. त्यामुळे काही ठिकाणी 'असं असेल तर असं' म्हणावं लागेल.

आधी गाण्याबद्दल, कारण विनोदाची जागा गाण्यातच सापडते. हे गाणं जन्मलं ते 'थ्रीपेनी ऑपेरा'साठी. बेर्टोल्ट ब्रेख्तचे शब्द, कुर्ट वाइलचं संगीत, 31 ऑगस्ट 1928, बर्लिनचं शिफबाउअरडाम थिएटर. जर्मनीत रस्त्यावर उभं राहून खुनांच्या हकिकती गाणारे गायक असत. त्यांच्या ढंगात हे गाणं बांधलंय: मॅकी नावाच्या गुंडानं कुठे कुणाचा काटा काढला त्याची यादी, आणि चाल मात्र बागेत फिरायला निघाल्यासारखी हसरी. पेटीवर वाजवून बघा. ग प ध, पुन्हा ग प ध, आणि धैवतावर येऊन आरामात टेकणं. प्रेत पडलंय आणि गाणारा धैवतावर रेंगाळतोय. गंमत वाइलनं तिथेच भरून ठेवली आहे, आपण बाहेरून आणायची गरज नाही. (आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी याच नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं, 1978 मध्ये थिएटर अकॅडमीनं ते जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली केलं, नंदू भेंडे त्यात होते. घरात कुणी ते पाहिलेलं असेल तर त्यांना विचारा. खून आणि ठेका हातात हात घालून कसे चालतात हे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.)

इंग्रजीत गाजलं ते मार्क ब्लिट्झस्टाइनचं भाषांतर, 1954 च्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगासाठी केलेलं. त्यात वाइलची पत्नी लोटे लेन्या काम करत होती. पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँगनं गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा लेन्या स्टुडिओत हजर होती, आणि त्यानं मॅकीच्या बायकांच्या यादीत तिचंही नाव बिनदिक्कत ठोकून दिलं. अमेरिकन गायक बॉबी डॅरिननं 1958 च्या डिसेंबरात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ते नाव तसंच ठेवलं. 1959 मध्ये ते रेकॉर्ड अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. नाटकातल्या पात्रांच्या मधोमध एका खऱ्या नटीचं नाव घुसलं आणि कायमचं राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, एलानं पुढे जे केलं त्याचं मूळ इथेच आहे.

आता बर्लिन. 13 फेब्रुवारी 1960, डॉइचलांडहाले. नाझींच्या काळात, 1935 मध्ये, खुद्द हिटलरनं उद्घाटन केलेलं हे सभागृह. वाइल ज्यू होता, 1933 मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि त्याचं हे नाटक तिथे बंद पाडलं गेलं. हिटलरच्या त्याच सभागृहात एक कृष्णवर्णीय अमेरिकन बाई त्याचं गाणं गायला उभी राहिली. तिच्या मागे चौघंच: पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, बासवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स, ड्रम्सवर गस जॉन्सन. गाण्याआधी ती लोकांना सांगते की हे गाणं अजून कुणा बाईनं गायलेलं आम्ही ऐकलेलं नाही, म्हणून प्रयत्न करून बघतो, आणि सगळे शब्द आठवतील अशी आशा आहे. तिच्या बोलण्यातच कळतं की गाणं अजून अंगवळणी पडलेलं नाही.

तीन कडवी सुरळीत जातात. चौथ्याला शब्द गायब.

पुढचं तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, पण या वेळी कान दुसरीकडे लावून ऐका. ती काय म्हणते ते सोडा, काय हलत नाही ते बघा. 'पुढचं कडवं काय बरं?' हा प्रश्न ती विचारते तो गाण्याच्या चालीतच, चौथ्या कडव्याच्या पहिल्या ओळीच्या बरोब्बर जागेवर. बास चालत राहतो, ड्रम एक मात्राही मागेपुढे होत नाही. मला माहीत नाही, पण सुरेख स्विंग (जॅझचा झुलता ठेका) होतंय, गाणं हिट आहे, म्हणून आम्ही प्रयत्न केला, असं सगळं सांगून ती सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा बारच्या शेवटी 'मॅक द नाइफ' या शब्दांवर येऊन टेकते. (बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड. तुमच्यासारख्या तालात शिकलेल्यांचा इथे नेहमी घोळ होतो म्हणून मुद्दाम लिहिलं.) एक कडवं संपलं, आणि त्यात मूळ गाण्यातलं शेवटच्या तीन शब्दांपलीकडे काही नव्हतं. तरी कडवं पूर्ण होतं.

खरी कारागिरी पाचव्या कडव्यात आहे, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ कडव्यात लुई मिलर नावाचा माणूस बँकेतून पैसे काढतो आणि नाहीसा होतो. मॅकी मग खलाशासारखा पैसा उधळू लागतो आणि गाणं विचारतं, पोरानं काही आततायीपणा तर केला नाही ना? ब्लिट्झस्टाइनच्या ओळींच्या शेवटी यमक आहे 'कॅश' आणि 'रॅश'. एलाला मिलरचं नाव आठवतं, पुढचं नाही, पण 'कॅशबद्दल काहीतरी' असं म्हणत ती त्या यमकाची जागा अचूक पकडते. मधल्या ओळीत स्वतःचा 'ट्रॅश' घालते, आणि शेवटी मूळ 'रॅश'वर उतरते. म्हणजे ओळींची सुरुवात गेली होती, टोकं शाबूत होती. मी शिकवताना हे कडवं दहा वेळा ऐकवते. शब्द पाठ करताना आपण ओळीची सुरुवात घोकतो. ती पुढचा शब्द देते, पण मध्ये एक जरी दुवा सुटला की सगळंच कोसळतं. टोक पाठ असेल तर मधलं काहीही भरून तुम्ही घरी पोचता. 'मॅक द नाइफ'ची तुमची वही उघडा आणि प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द उजवीकडे लिहून काढा. तेवढाच कागद घेऊन बँडबरोबर गाऊन बघा. चाचपडाल, हसाल, पण सोळा बार संपतील तेव्हा तुम्ही जागेवर असाल.

आणि मग सहाव्या कडव्यात तिला खरी चावी सापडते. हे गाणं नावांच्या यादीचं आहे. मॅकीनं कुणाकुणाला संपवलं, कोणकोणती बाई त्याच्या मागे आहे, नावंच नावं. ती यादी तशीच पुढे चालवते, पण नावं घालते बॉबी डॅरिनचं आणि लुई आर्मस्ट्राँगचं: त्यांनी रेकॉर्ड केलं, आणि आता एला आणि तिचे साथीदार या गाण्याची वाट लावताहेत! स्वतःचं नावही त्या यादीत, बळींच्या की गुन्हेगारांच्या ते तुम्हीच ठरवा. आर्मस्ट्राँगनं लेन्याला आत घेतलं होतं, एलानं आर्मस्ट्राँगलाच आत ओढलं. लगेच त्याच्या आवाजाची नक्कल करत ती शब्दांशिवाय गायला लागते. लोक वेडे होतात. शेवटी ती या गावाचा, म्हणजे बर्लिनचा, निरोप घेते, डॅरिनच्या आणि आर्मस्ट्राँगच्या चाहत्यांसाठी हे होतं असं सांगते, आणि मॅकी गावात परत आलाय या मूळ गाण्याच्या शेवटच्या ओळीवर दिमाखात उतरते. त्या एका गाण्यासाठी आणि त्या कार्यक्रमाच्या अल्बमसाठी असे दोन ग्रॅमी तिला मिळाले.

हा विनोद चालला कारण तो गाण्याच्या स्वभावातून आला. यादीचं गाणं, यादी लांबवली. हसतमुख खुनी, तर गायिकाही गाण्याचा खून हसतमुखानं करते आणि तसं कबूलही करते. हसण्याचा विषय ती स्वतः आहे, गाणं नाही. तुमच्या पियानोवाल्यांची भीती मला समजते, कारण 'जुन्या गाण्याची गंमत' या नावाखाली बहुतेक ठिकाणी जे चालतं त्यात गायक गाण्याच्या वर उभा राहून डोळा मारतो, 'बघा किती जुनाट!' म्हणतो. ते मलाही नको वाटतं. एला गाण्याच्या आत अडकलेली आहे आणि बाहेर पडायची धडपड करतेय. त्यांना हा फरक ऐकवून दाखवा, ते ऐकतील असं वाटतं.

मग नाटक का करू नये? विसरल्याचा अभिनय करताना माणूस नकळत थांबतो. डोळे वर, हात कपाळाला, 'अरेच्चा!' आणि त्या अर्ध्या सेकंदात ताल मोडतो. खरोखर विसरलेला माणूस तालाला घट्ट धरतो, कारण त्याच्या हातात तेवढंच उरलेलं असतं. प्रेक्षकांना ही बारकाई शब्दांत सांगता येणार नाही, पण खोटेपणा त्यांना लगेच जाणवतो. शिवाय तुमच्या कार्यक्रमाला येणाऱ्यांना एलाचं रेकॉर्डिंग माहीत असेल तर ते म्हणणार नक्कल आहे, आणि माहीत नसेल तर म्हणणार बाईंची तयारी नाही. दोन्हीकडून तोटा.

त्यापेक्षा हे करा. पहिली तीन कडवी शब्द न बदलता, नीट, गंभीरपणे गा. गंमत करायची म्हणून आधीपासून चेहऱ्यावर हसू आणू नका. ऐकणाऱ्याला मूळ काय आहे ते एकदा पक्कं कळू दे, म्हणजे नंतर काय बदललं ते कळेल. हे विशेषतः तुमच्यासाठी महत्त्वाचं, कारण पुण्या-मुंबईतल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी हे गाणं आधी ऐकलेलंच नसतं. त्यांना तीन कडव्यांत गाणं शिकवायचं आणि चौथ्यात मोडायचं.

चौथ्यापासून यादी तुमची. बँडमधल्या लोकांची नावं घ्या, त्यांची खोड सांगा, पण मॅकीच्या गुन्ह्याच्या थाटात: ड्रमर काल रात्री कुठे होता, बासवाल्याकडे इतके पैसे कुठून आले, हॉलचे दिवे कुणी घालवले. मराठीत करायचं तर इथे करा. आणि मराठीत करताना एक अडचण येणार आहे, ती आत्ताच सांगते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक फार स्वस्तात मिळतं. गेला-मेला-केला-नेला, चार ओळी झाल्या सुद्धा. आणि त्या ऐकायला वाढदिवसाच्या कवितेसारख्या लागतात. त्यात पुन्हा शेवटचा 'ला' आपण सवयीनं लांबवतो. स्विंगमध्ये ओळीचं टोक आखूड, तुटक असलं तर बरं, म्हणजे पुढची पोकळी बास आणि ड्रम्स भरतात. म्हणून क्रियापद आधी उरकून टोकाला व्यंजनावर संपणारं नाम ठेवा. उदाहरणार्थ, बासवाल्यासाठी:

काल रात्री, बंद बँक,
आज याच्या, खिशात नोट,
कुणी विचारा, कुठे होता,
तर दाखवतो, दुसऱ्याकडे बोट.

काव्य म्हणून सामान्य आहे, पण 'नोट' आणि 'बोट' टकटक वाजतात, आणि 'बोट' म्हणताना तुम्ही खरंच ड्रमरकडे बोट दाखवू शकता. त्यानं तिथे एक फटका द्यायचा. तालमीत एवढं ठरवा, जास्त नाही. प्रत्येक हशाला फटका ठरवला की सर्कस होते.

तालमीसाठी आणखी एक उपाय, तो तुम्हाला तुमच्या शिक्षणामुळे सोपा जाईल. फक्त बास आणि ड्रम सुरू ठेवायला सांगा. शब्द बाजूला ठेवून 'दा, बा, डू' काहीही अक्षरं वापरत सोळा बार गा आणि सोळाव्याच्या शेवटी थांबा. मग त्याच चालीत, त्या क्षणी खोलीत जे चाललंय ते मराठीत सांगा: चहा आला, पंखा बंद, कुणाचा फोन वाजला. काहीही बोला, पण सोळाव्याच्या शेवटी 'मॅक द नाइफ'वर या. बंदिशीची ओळ कुठूनही उचलून समेवर यायची सवय तुम्हाला आहेच, इथे सम दूर आहे इतकंच. सुरुवातीला दहा-बाराव्या बारमध्ये तुम्ही हरवाल. मोजू नका, कॉर्ड्स ऐका. शेवटच्या ओळीआधी पियानो वळण घेतो, तेच तुमचं निशाण. हे जमायला लागलं की कार्यक्रमात खरोखर शब्द विसरलात तरी घाबरायचं कारण उरत नाही. आणि या गाण्यात शब्द विसरतातच. मधलं वेगळं कडवं नाही, सगळी कडवी एकाच चालीची, सगळ्यांत नावं आणि प्रेतं. तिसऱ्यात आहोत की पाचव्यात, हे सांगणारी खूण चालीत कुठेच नाही. एलाचं चुकलं ते या रचनेमुळे चुकलं, असं माझं मत आहे.

एक खूण मात्र बाहेरून घालता येते, ती म्हणजे पट्टी चढवणं. डॅरिनच्या रेकॉर्डिंगमध्ये कडव्याकडव्यानं अर्धा सूर वर जात राहतो, एलाच्या बँडनंही तोच मार्ग धरला आहे. विनोदाला याची मोठी मदत होते. शब्द घसरत चाललेत आणि सूर चढत चाललाय, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई आता कुठे जाऊन थांबणार! पण हिशेब आधी करा. पांढरी पाचमध्ये सुरू केलंत आणि पाच वेळा अर्धा सूर चढलात तर काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात आणि मग वरची पांढरी एक. सुरुवातीच्या सा पासून थेट शुद्ध मध्यमावर नवा सा. शेवटचं कडवं त्या पट्टीत आधी गाऊन बघा आणि तिथून मागे मोजत सुरुवातीची पट्टी ठरवा. उलट केलंत तर शेवटी ओरडावं लागतं, आणि ओरडण्यात विनोद मरतो. बँड नवखा असेल तर पाच वेळा चढू नका, दोनदा चढा, तेही ठरलेल्या जागी. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण दाबून पट्टी बदलणारे असतील तर त्यांना चालू गाण्यात ते करू देऊ नका. बटण एकदा चुकलं की मग खराच खून.

आर्मस्ट्राँगचा आवाज. मला हा भाग तुमच्या बेतातून काढायला आवडेल. एला आणि आर्मस्ट्राँग यांनी 1956 आणि 1957 मध्ये एकत्र अल्बम केले होते, शेजारी उभं राहून गायलेल्या माणसाची ती नक्कल होती. ते दोघंही कृष्णवर्णीय अमेरिकन, एकाच संगीतातले, आणि तिच्या नकलेत लाड होता. आपण तसं केलं की ते सहज दुसरंच काहीतरी होऊन बसतं. घशाचा प्रश्न वेगळाच: तो घोगरा आवाज स्वरयंत्राच्या वरचा भाग आवळून निघतो, आणि सवय नसताना मोठ्यानं काढला की पुढची दोन गाणी खरखरीत जातात. त्याच्या आवाजाऐवजी त्याची फेक उचला: ओळ थोडी उशिरा सुरू करायची, तीन शब्द एकदम ओतायचे, मग गप्प बसायचं. ते शिकण्यासारखं आहे आणि कुणाला टोचत नाही. तसंच आपल्याकडच्या कार्यक्रमांत जॅझ म्हटलं की कुणीतरी 'गोवन अंकल'चा उच्चार काढतंच, हिंदी सिनेमानं लावलेली ती सवय. मुंबईच्या ज्या गोवेकर वादकांनी हे संगीत इथे रुजवलं आणि सी. रामचंद्रांसारख्यांच्या गाण्यांत स्विंग वाजवलं, त्यांच्यावर हसायला हे गाणं वापरू नका. अलबेलातला ट्रम्पेट ऐका, मग उच्चारावर हसावंसं वाटणार नाही.

दुसरे नमुने हवे असतील तर दोन सांगते. फॅट्स वॉलर पियानो वाजवत गाताना साध्या प्रेमगीतात मध्येमध्ये बोलायचा, शेरे मारायचा, पण त्याचा डावा हात घड्याळासारखा चालू असायचा. तुमच्या पियानोवाल्यांना वॉलर आवडत असेल तर त्याचाच दाखला द्या, वाद मिटेल. दुसरं जोडपं लुई प्रीमा आणि कीली स्मिथ. 'दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक' हे 1942 चं आर्त प्रेमगीत त्यांनी धावत्या ठेक्यावर घेतलं: तो उड्या मारतोय, मध्येच तोडतोय, आणि ती शेजारी दगडी चेहऱ्यानं सुरात गातेय. पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात त्यांना त्यासाठी पुरस्कार मिळाला. तुमच्या बँडमध्ये कुणी गाणारा उत्साही गडी असेल तर ही वाटणी करा. गंमत त्याला करू द्या, तुम्ही गंभीर राहा. सुगम संगीतातून आलेल्या गायिकेला हे जास्त शोभतं, कारण सरळ उभं राहून स्वच्छ सुरात गाणं तुमच्या अंगात आहे आणि उड्या मारणं कदाचित नसेल. इथे तुमचा स्वभाव मला माहीत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

मंचावरच्या काही बारीक गोष्टी. कडवं वाढवायचं असेल तर खुणा आधी ठरवा: डोक्यावर टिचकी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, मूठ वर म्हणजे हे शेवटचं. या खुणा सगळीकडे चालतात, तुमच्या ड्रमरला माहीत असतील. टाळ्या लोक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर देणार, आपल्याकडे देतातच. दुसऱ्या-चौथ्यावर द्यायला लावण्यात गाणं थांबवू नका. ड्रमरला हाय-हॅट (पायानं वाजवायची झांजांची जोडी) जरा मोठा वाजवायला सांगा, निम्मे लोक आपोआप वळतात, उरलेल्यांना माफ करा. 'आता आम्ही एक मजेशीर गाणं सादर करतोय' असं निवेदकाला म्हणू देऊ नका. नाटकाची दोन वाक्यं, मॅकी कोण ते एक वाक्य, बस.

आणि कार्यक्रमात जागा: पहिल्या तीन गाण्यांत नको. बँडमधल्या माणसांची नावं आणि चेहरे लोकांना ओळखीचे झाल्याशिवाय बासवाल्याच्या खिशातली नोट कुणाला हसवणार नाही. मध्यंतरानंतरचं दुसरं गाणं मला योग्य वाटतं. वादकांची ओळख त्याच्या आधीच्या गाण्यात करून द्या. आणि हे झाल्यावर लगेच एखादं संथ, बिनगमतीचं गाणं घ्या, कारण चढलेल्या पट्टीतून गळ्याला खाली यायला तेवढा वेळ लागतो.